कारखान्याचीं माणसें आणि कारखान्याचा धूर

सुटीच्या दिवशीं एखाद्या मोठ्या कारखान्यांत शिरलें, तर प्रथम जाणवते ती शांतता. सारीं यंत्रें थांबलेलीं असतात. परंतु ही शांतता पुरती नसते. जरा थांबून कान दिला, तर भिंतीलगत गेलेल्या नळांच्या सांध्यांतून कोठेंतरी बारीक फुसफुस ऐकूं येते. ती दाबलेल्या हवेची असते. हत्यारें चालविण्यास, झडपा उघडण्यास व मिटण्यास, डबे पुढें ढकलण्यास आजच्या कारखान्यांत दाबाखालील हवा लागते. ती तयार करणारें यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, विजेवर चालतें. आणि जेथें नळांची निगा राखली जात नाहीं, तेथें या यंत्रानें दाबलेल्या हवेपैकीं २० ते ३० टक्के हवा अशा फटींतून नुसती निघून जाते, असें या विषयांतील जाणते सांगतात. हवा फुकट मिळते. ती दाबणारी वीज फुकट मिळत नाहीं. भारतांत तर ती वीज अजूनहि बहुतांशीं कोळसा जाळूनच तयार होते. फुसफुस एका गांवीं होते आणि तिचा धूर शंभर कोसांवरच्या दुसऱ्या गांवीं निघतो.

ही फुसफुस संचालकांच्या खोलींत ऐकूं जात नाहीं. ती ऐकूं येते रखवालदाराला, तेलपाणी करणाऱ्याला, रात्रपाळीच्या फिटरला. त्यानें ती कोणाला सांगावी? सांगणें हें आपलें काम आहे असें त्याला कधीं कोणीं शिकविलें आहे काय? सांगितल्यावर दुरुस्तीला वेळ आणि माणूस मिळेल काय? आणि त्याला शाबासकी मिळेल, कीं ‘तूं तुझें काम पाहा’ असें उत्तर मिळेल? गळती बंद होणार कीं वर्षानुवर्षें चालूं राहणार, हें या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतें. अलीकडे ज्याला ‘हरित मनुष्यबळ व्यवस्थापन’ असें भारदस्त नांव मिळालें आहे, त्या विषयाचा गाभा या फिटरापाशीं आहे.

नांव नवें असलें तरी त्यांतील काम जुनें आहे. योग्य माणूस निवडणें, त्याला काम शिकविणें, त्याच्या कामाची पारख करणें, पगार व बढती ठरविणें आणि त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेणें, हें मनुष्यबळ व्यवस्थापन. या प्रत्येक कामांत हवा, पाणी, वीज व कचरा यांचा विचार गुंफला म्हणजे त्याला ‘हरित’ हें विशेषण लागतें. कंपनीची पर्यावरणविषयक कामगिरी म्हणजे एक टन किंवा एक नग माल तयार करतांना किती वीज जळली, किती पाणी खर्ची पडलें, नाल्यांत काय सोडलें, हवेंत काय गेलें आणि उकिरड्यावर काय पडलें, याचा हिशेब. पुष्कळ कंपन्यांत हीं दोन कामें दोन वेगळ्या मजल्यांवर चालतात. एका मजल्यावर हजेरीपट असतात, दुसऱ्यावर धुराड्यांचीं मोजमापें. मधला जिना फारसा कोणी चढत नाहीं.

ही फारकत पडली कशी, हें पाहावयास मुंबईच्या जुन्या गिरण्यांची हकीकत उपयोगी पडते. तेथें माणसें ठेवणें आणि काढणें बहुधा जॉबरच्या हातीं असे. तो गांवाकडून माणसें आणी, त्यांना साच्यावर लावी, रजेवर गेलेल्याच्या जागीं बदली देई, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याबद्दल दस्तुरीहि घेई. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगानें १९३१ सालच्या अहवालांत या पद्धतीचे दोष दाखवून भरतीचें काम मजूर अधिकाऱ्याकडे सोंपवावें, अशी शिफारस केली. पुढें १९४८ सालच्या कारखाने कायद्यानें ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें सक्तीचें केलें. माणसांची व्यवस्था अशी हळूहळू जॉबरच्या हातून कचेरींत आली. धुराडें मात्र एंजिनियरकडेच राहिलें.

वस्तुतः धुराड्याचा आणि माणसाचा संबंध त्या काळींहि उघड होता. मुंबई इलाख्यांत धुराचा उपद्रव आवरण्यासाठीं १९१२ सालींच कायदा झाला. कायद्याची नजर धुराड्याच्या टोंकावर होती. परंतु हातानें कोळसा घालण्याच्या त्या बॉयलरांत धूर काळा निघणार कीं विरळ, हें पुष्कळसें आगवाल्याच्या फावड्यावर अवलंबून असे. एकदम मोठा थर टाकून तो विडी ओढावयास बाजूला झाला, कीं अर्धवट जळलेला कोळसा काजळी होऊन शहरावर पसरे. तोच कोळसा थोडा थोडा, वारंवार आणि सारखा पसरून टाकला, तर वाफ जास्त मिळे आणि धूर कमी होई. म्हणजे धुराचा प्रश्न जितका यंत्राचा, तितकाच आगवाल्याच्या शिक्षणाचा, त्याच्या पाळीच्या लांबीचा आणि त्याच्या मजुरीचा होता. दमलेला आगवाला मोठा थर टाकणारच.

आज ‘हरित’ म्हणून जें कांहीं कचेऱ्यांतून चालतें, त्यांतील बराच भाग या आगवाल्यापर्यंत पोंचत नाहीं, हें स्पष्ट सांगावयास हवें. रजेचा अर्ज कागदावर न घेतां संगणकावर घेतला, ५ जूनला जागतिक पर्यावरण दिनानिमित्त संचालकांच्या हस्तें रोपें लावलीं, नोकरीच्या जाहिरातींत एक हिरवें पान छापलें, कीं खात्याचें कर्तव्य पार पडलें अशी समजूत आढळते. कागद वांचला हें चांगलेंच झालें. परंतु रंगाच्या वा कातड्याच्या कारखान्याचा उपद्रव त्याच्या कचेरींतल्या कागदानें मोजला जात नाहीं. तो त्याच्या मागच्या दारीं असलेल्या नाल्यांत मोजावा लागतो.

इंग्लंडमधील रेनविक, रेडमन आणि मॅग्वायर या तीन अभ्यासकांनीं २०१३ सालीं या विषयावरील तोंपर्यंतच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख प्रसिद्ध केला. विखुरलेलें संशोधन त्यांनीं तीन शब्दांच्या चौकटींत मांडलें: सामर्थ्य, प्रेरणा आणि संधि. माणसाला काय करावयाचें तें समजत असलें पाहिजे, तें करावेंसें वाटलें पाहिजे, आणि तें करावयास वाव मिळाला पाहिजे. हे तिन्ही शब्द साधे आहेत. तथापि व्यवहारांत कंपन्या पहिल्या दोहोंवर पैसे खर्च करतात आणि तिसऱ्यापाशीं अडखळतात. कारण शिक्षण आणि बक्षीस वरून खालीं देतां येतें, पण वाव देणें म्हणजे खालच्या माणसाचें म्हणणें वर येऊं देणें.

वाव दिल्यानें काय घडतें याचें एक उदाहरण अमेरिकेंतील डाउ केमिकल या कंपनीच्या लुइझियाना विभागाचें आहे. मिसिसिपी नदीकाठीं प्लाकमिन येथें असलेल्या या अवाढव्य रसायन कारखान्यांत सुमारें २,४०० माणसें कामास होतीं. तेथील केन नेल्सन या एंजिनियरानें १९८२ सालीं कामगारांची व एंजिनियरांची एक वार्षिक स्पर्धा सुरू केली. अटी साध्या होत्या. वीज किंवा इंधन वांचविणारी योजना सुचवावयाची, तिला दोन लक्ष डॉलरांहून कमी खर्च यावा, आणि घातलेला पैसा एका वर्षाच्या आंत वसूल व्हावा. पहिल्या वर्षीं २७ योजना स्वीकारल्या गेल्या. त्यांवर एकूण १७ लक्ष डॉलर खर्च झाला आणि सरासरी परतावा वर्षाला १७३ टक्के आला. म्हणजे १०० डॉलर घातले, तर दरसाल १७३ डॉलर वांचले.

सोपीं फळें आतां तोडून झालीं, यापुढें असें कांहीं उरलें नसेल, असें त्या वेळीं अनेकांना वाटलें. तसें वाटणें स्वाभाविक होतें; हुशार एंजिनियरांनीं बांधलेल्या कारखान्यांत इतकी उधळपट्टी असणेंच मुळीं चमत्कारिक होतें. दुसऱ्या वर्षीं ३२ योजना आल्या आणि परतावा ३४० टक्के निघाला. फळें तोडावीं तों झाडाला नवीं येत होतीं. अर्थात् यांत जादू नव्हती. यंत्रें बदलत होतीं, इंधनाचे भाव बदलत होते, आणि मुख्य म्हणजे माणसें पाहावयास शिकत होतीं. ज्यानें एका वर्षीं वाफेचा एक नळ गुंडाळून उष्णता वांचविली, त्याची नजर पुढल्या वर्षीं दुसऱ्या नळावर जातेच. पुढें या स्पर्धेंत टाकाऊ माल कमी करण्याच्या योजनाहि घेतल्या जाऊं लागल्या. १९९३ पर्यंतच्या बारा वर्षांत ज्या ५७५ योजनांचा हिशेब मागाहून तपासला गेला, त्यांचा सरासरी परतावा दरसाल २०४ टक्के होता.

या गोष्टींतील ‘मागाहून तपासला’ हे शब्द सोडून देऊं नयेत. सूचनापेटी भिंतीवर टांगणें सोपें असतें. पुष्कळ कचेऱ्यांत ती असते आणि तिच्या कुलुपाची किल्ली कोणाकडे आहे हें कोणालाच ठाऊक नसतें. सूचना आली, तिचा विचार झाला, ती अमलांत आणली, वर्षानें तिचा खरा लाभ मोजला आणि तो सुचविणाऱ्याच्या नांवावर मांडला, ही सारी सांखळी जेथें शाबूत राहते तेथेंच दुसऱ्या वर्षीं दुसरी सूचना येते. अमेरिकेंतीलच थ्रीएम कंपनीनें जोसेफ लिंग यांच्या पुढाकारानें १९७५ सालीं सुरू केलेल्या कार्यक्रमाचा पायाहि हाच होता. घाण तयार झाल्यावर ती साफ करण्याऐवजीं मुळांत ती होऊंच नये म्हणून मालाचें मिश्रण, कृति किंवा यंत्र बदलावयाचें, आणि ही युक्ति कामावरच्या माणसांनींच शोधावयाची. प्रदूषण टाळणें फायद्याचें असतें, अशा अर्थाचें नांव त्या कार्यक्रमाला दिलें होतें.

युरोपांतील कंपन्यांच्या नोकरांची पाहणी करून रेमस आणि श्टेगर या दोघांनीं २००० सालीं एक निष्कर्ष मांडला. कंपनीचें पर्यावरणविषयक धोरण ठाम आहे असें ज्या नोकरांना वाटत होतें, आणि ज्यांचा वरिष्ठ त्यांना उत्तेजन देत होता, त्यांच्या हातून नव्या सुधारणेचा प्रयत्न होण्याचा संभव अधिक होता. हें अपेक्षितच आहे. परंतु त्याच पाहणींत असेंहि दिसलें कीं, इतर कामांत जे वरिष्ठ आपल्या माणसांना मोकळीक व मदत देत, तेच पर्यावरणाच्या बाबतींत हात आंखडता घेत. धोरण संचालक मंडळानें मंजूर केलेलें असतें, त्याची चौकट दिवाणखान्यांत लावलेली असते. आणि तें अडतें पाळीच्या मुकादमापाशीं, कारण त्याला संध्याकाळीं मालाच्या नगांचा जबाब द्यावयाचा असतो.

अशा पाहण्यांबद्दल थोडें सावधहि राहावें लागतें. पुष्कळ पाहण्यांत प्रश्नपत्रिका एकाच माणसाला, एकाच वेळीं दिली जाते. ‘तुमची कंपनी हरित शिक्षण देते काय?’ आणि ‘तुमच्या कंपनीची पर्यावरणविषयक कामगिरी चांगली आहे काय?’ असे दोन्ही प्रश्न तोच सोडवितो. आपल्या कंपनीवर खूष असलेला मनुष्य दोन्हीकडे ‘होय’ लिहितो, नाराज असलेला दोन्हीकडे ‘नाहीं’ लिहितो, आणि मग दोहोंत घट्ट संबंध असल्याचें गणित सुटतें. विजेचें बिल आणि नाल्याच्या पाण्याची रासायनिक परीक्षा हीं माणसाच्या खुषीवर चालत नाहींत. म्हणून डाउच्या तपासलेल्या हिशेबाला मोल अधिक.

पगाराचा प्रश्न नाजूक आहे. इंटेल या कंपनीनें २००८ पासून नोकरांच्या मोबदल्यांतील कांहीं भाग पर्यावरणविषयक व तत्सम उद्दिष्टांशीं जोडला, आणि हें बंधन वरच्या अधिकाऱ्यांपुरतें न ठेवतां खालच्या नोकरांनाहि लागू केलें. हेतु चांगला, उपायहि बरा. पण जें मोजलें जातें आणि ज्याचा पैसा मिळतो, त्याकडे माणूस धांवतो. आणि कधीं कधीं मोजणाऱ्याच्या डोळ्यांतच धूळ टाकणें त्याला सोपें वाटतें. मोजमाप पूर्ण करण्याचा दाब फार असला आणि ‘हें होणार नाहीं’ असें म्हणण्याची मुभा नसली म्हणजे काय होतें, तें जगानें २०१५ सालीं पाहिलें.

त्या वर्षीं १८ सप्टेंबर रोजीं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें फोक्सवागन या जर्मन मोटार कंपनीला नोटीस दिली. तिच्या डिझेल मोटारींत अशी संगणकी योजना बसविलेली होती कीं, गाडीची परीक्षा चालूं असली म्हणजे ती ओळखून धूर साफ करणारी यंत्रणा पुरती चालावी आणि गाडी रस्त्यावर आली कीं ती ढिली पडावी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें प्रमाण रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होतें. जगभरांतल्या सुमारें १ कोटि १० लक्ष गाड्यांत ही योजना असल्याचें कंपनीनें मान्य केलें. गंमत अशी कीं, शाश्वत विकासाच्या एका प्रतिष्ठित जागतिक निर्देशांकानें त्याच महिन्यांत या कंपनीला मोटारधंद्यांत अग्रस्थान दिलें होतें. तें पुढल्या महिन्यांत काढून घ्यावें लागलें.

पुढें अमेरिकन न्यायालयांत कंपनीनें गुन्हा कबूल केला. तेथें मान्य झालेल्या हकीकतीप्रमाणें, ठरलेल्या खर्चांत व वेळांत अमेरिकेच्या कडक नियमांना उतरेल असें एंजिन आपल्याला बांधतां येणार नाहीं, हें एंजिन विभागांतील मंडळींच्या २००६ सालींच लक्षांत आलें होतें. ज्या क्षणीं हें उमगलें, त्या क्षणीं तें वर जाऊन सांगावयाला हवें होतें. तें सांगण्यापेक्षां फसविणारी योजना लिहिणें त्यांना सुरक्षित वाटलें. अशा माणसांना शिक्षण कमी नव्हतें. जगांतील उत्तम एंजिनियरांत त्यांची गणना होती. सामर्थ्य होतें, प्रेरणाहि होती, वाव तेवढा नव्हता. कंपनीच्या अध्यक्षांनींच डिसेंबर २०१५ मध्यें, आमच्या कांहीं विभागांत नियमभंग खपवून घेण्याची वृत्ति होती, अशा आशयाची कबुली दिली.

फोक्सवागनच्या प्रकरणांत धूर अदृश्य होता व मृत्यु दूरचे आणि संख्याशास्त्राच्या कोष्टकांतले होते. भोपाळचें तसें नव्हतें. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्रीं युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकाच्या कारखान्यांतून सुमारें ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडलें आणि हजारों माणसें मेलीं. टांकींत पाणी कसें शिरलें यावर वाद झाला. कंपनीनें तो घातपात असल्याचा दावा केला. तो वाद बाजूला ठेवला तरी वायु बाहेर पडूं नये म्हणून असलेलीं साधनें त्या रात्रीं निकामी होतीं, याबद्दल दुमत नाहीं. टांकी थंड ठेवणारें यंत्र कित्येक महिन्यांपूर्वीं बंद केलेलें होतें, आणि वायु जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठीं काढलेला होता.

या यंत्रांची कथा अनेकदां सांगितली गेली आहे. माणसांची कथा तिच्या मागें पडते. कीटकनाशकाचा खप घटल्यानें कारखाना तोट्यांत होता, आणि खर्चकपातीची कुऱ्हाड प्रथम माणसांवर पडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांनीं १९८५ सालीं केलेल्या चौकशीप्रमाणें, मिथिल आयसोसायनेट विभागांतील पाळीचीं माणसें १२ वरून ६ वर आणि दुरुस्तीचीं ६ वरून २ वर आणलीं होतीं. शिक्षणाचा काळ आखडला होता. कामाच्या पुस्तिका इंग्रजींत होत्या आणि त्या वाचणाऱ्यांतील अनेकांना ती भाषा नीट येत नव्हती. अनुभवी माणसें कारखाना सोडून जात होतीं. अमेरिकेहून १९८२ सालीं आलेल्या सुरक्षा तपासणी पथकानेंहि, काम चालविणारीं माणसें सारखीं बदलत आहेत, याकडे लक्ष वेधलें होतें. त्याच्या आदल्याच वर्षीं एका कामगाराचा फॉस्जीन वायूनें मृत्यु झालेला होता.

आणि त्या रात्रींची एक लहानशी गोष्ट. साडेअकराच्या सुमारास विभागांतल्या माणसांचे डोळे चुरचुरूं लागले. यांत नवें कांहीं नव्हतें. डोळ्यांतून पाणी येणें हीच तेथें गळती ओळखण्याची रोजची खूण झाली होती. गळती आहे असें वर कळविण्यांत आलें. चहा झाल्यावर पाहूं, असें ठरलें. चहा संपून फार वेळ झाला नाहीं तोंच टांकीचा दाब आवाक्याबाहेर गेला. त्या माणसांना कान होते, डोळे होते, त्यांनीं सांगितलेंहि. परंतु रोज चुरचुरणाऱ्या डोळ्यांची ज्या कारखान्यांत दखल घेतली जात नाहीं, तेथें त्या एका रात्रींच्या चुरचुरीला वेगळें महत्त्व कसें येणार? दोष चहाचा नव्हता.

कारखान्याच्या आवारांत पडून राहिलेल्या विषारी कचऱ्यापैकीं ३३७ टन कचरा २०२५ सालच्या जानेवारींत पीथमपूर येथें नेण्यांत आला आणि तेथें तो त्याच वर्षीं जाळला गेला. मधें चाळीस वर्षें गेलीं. पगारपत्रकांतून सहा नांवें कमी केल्यानें किती रुपये वांचले होते, याचा हिशेब या चाळीस वर्षांशेजारीं मांडून पाहावा.

भोपाळनंतर १९८६ सालीं पर्यावरण संरक्षण कायदा झाला हें सर्वांना ठाऊक असतें. त्यानंतर १९८७ सालीं कारखाने कायद्यांत झालेली दुरुस्ती त्या मानानें कमी परिचित आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची. धोक्याच्या कारखान्यांत कोणतीं द्रव्यें आहेत व त्यांपासून काय अपाय संभवतो, हें कामगारांना व आसपासच्या लोकांना सांगण्याचें बंधन तिनें मालकावर घातलें. सुरक्षा समितींत कामगारांना जागा दिली. आणि जिवावरचा धोका समोर दिसत असल्यास तो मालकाच्या व त्याच वेळीं सरकारी निरीक्षकाच्याहि कानांवर घालण्याचा हक्क कामगाराला दिला. मुकादमाला वळसा घालून बोलण्याची ही मुभा होती. डोळे चुरचुरले हें सांगणें यानें, निदान कागदावर, कामाचा भाग झालें.

कागदावर म्हणावयाचें कारण असें कीं, कारखान्यांतलीं सर्वांत घाणेरडीं कामें पुष्कळदां कायम नोकर करीतच नाहींत. टांकी धुणें, गाळ उपसणें, पिंपें हलविणें, हीं कामें कंत्राटदाराच्या माणसांकडे असतात. तीं माणसें महिन्या-दोन महिन्यांनीं बदलतात. शिक्षणाच्या वर्गाला त्यांना कोणी बोलावीत नाहीं, बक्षिसाच्या यादींत त्यांचीं नांवें नसतात, आणि उद्यां पुन्हां काम मिळावें अशी इच्छा असलेला माणूस तक्रार करावयास धजत नाहीं. जुना जॉबर गेला. त्याच्या जागीं कंत्राटदार आला. कंपनीनें आपल्या कायम नोकरांसाठीं कितीहि उत्तम हरित योजना आंखली, तरी नाल्याच्या तोंडाशीं उभा असलेला माणूस तिच्या बाहेरच राहिला, तर नाल्याला ती योजना कळणार कशी?

शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांजवळ आज लहानमोठ्या कंपन्यांचे शेअर असतात, आणि वार्षिक अहवाल त्यांच्या हातीं येतो. सेबीनें २०२१ सालीं धंद्याची जबाबदारी व शाश्वतता यांचा एक ठराविक नमुन्याचा अहवाल जाहीर केला, आणि बाजारमूल्याच्या दृष्टीनें पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ या वर्षापासून सक्तीचा केला. त्यांत नऊ तत्त्वें आहेत. तिसरें माणसांविषयीं आणि सहावें पर्यावरणाविषयीं. वाचणारा बहुधा सहावें उघडून वीज, पाणी, धूर व कचरा यांचे आंकडे पाहतो आणि थांबतो. त्यानें तिसरेंहि उघडावें. कायम कामगार किती, इतर किती, सुरक्षेचें व कौशल्याचें शिक्षण त्यांपैकीं कितींना मिळालें, वर्षांत कामावरून किती माणसें सोडून गेलीं, हें सारें तेथें आणि अहवालाच्या आरंभींच्या कोष्टकांत सांपडतें. धोका दिसल्यास तो कळविण्याची आणि तेथून बाजूला होण्याची सोय कामगारांना आहे काय, असाहि एक प्रश्न त्यांत आहे. त्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें असतें, आणि कंपन्या तें ‘होय’ असें देतात.

त्याच प्रकरणांत पुढें कामाची परिस्थिति व सुरक्षा यांविषयीं वर्षभरांत आलेल्या तक्रारींचें एक लहानसें कोष्टक असतें. कांहीं हजार माणसांच्या कारखान्यापुढें तेथें कधीं कधीं ‘शून्य’ छापलेलें दिसतें. त्या कारखान्यांत एकहि नळ फुसफुसत नाहीं असा त्याचा अर्थ होऊं शकतो. फुसफुस ऐकून कोणी बोलत नाहीं असाहि होऊं शकतो. दोहोंपैकीं खरा कोणता, हें ठरवावयाला पुन्हां सहाव्या तत्त्वाकडे वळून विजेचा आंकडा गेल्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावा लागतो.